कळस दिसल्यावर : एका ओढीचा मागोवा

माळशिरसचा मुक्काम हलवून ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरकडे निघते, तेव्हा आळंदी सोडून जवळपास पंधरवडा झालेला असतो. दिवे घाटाची चढण मागे पडलेली असते, नीरा ओलांडून झालेली असते, तळपायांना फोड येऊन फुटून गेलेले असतात. वेळापूरच्या अलीकडे वाट उताराला लागते आणि तिथे दिंड्यांची चाल एकाएकी बदलते. टाळ छातीशी धरून, पताका उंचावून, डोईवरचे तुळशीवृंदावन एका हाताने सावरत वारकरी उतारावरून धावत सुटतात. याला 'धावा' म्हणतात. तुकाराम महाराजांना इथूनच पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरपुराकडे धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. देहूच्या पालखीची परंपरा तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केली; माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त 19व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. या सोहळ्यांत धावा जपला गेला, आणि त्याबरोबर माणसाच्या स्वभावाचे एक निरीक्षणही जपले गेले. चालून चालून देह सर्वांत दमलेला असायला हवा, नेमका तिथेच पायांना वेग येतो. असे का होते, या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे. आज आपण त्याच्या वाटेने थोडे चालू.

ही ओढ एकट्या पंढरीच्या वाटेवरची नव्हे. जून 1099 मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या फौजा जेरुसलेमजवळच्या नबी सामविलच्या टेकडीवर पोहोचल्या आणि समोर शहर दिसताच त्या थकल्याभागल्या माणसांना भावना आवरेनात. त्या टेकडीला त्यांनी 'आनंदाचा डोंगर' असे नाव दिले. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचाही असाच एक डोंगर होता, आणि स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या वाटेवर मोंते दो गोझो ही टेकडी आजही त्याच अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या माथ्यावरून कॅथीड्रलचे मनोरे प्रथम दिसत. यात्रेकरूंमध्ये त्या माथ्याकडे धावण्याची चुरस लागे आणि जो सर्वांत आधी पोहोचेल त्याला 'राजा' म्हणत, अशी परंपरा सांगितली जाते. एकमेकांची भाषा, देव आणि देश ठाऊक नसलेल्या या समाजांनी आपापल्या वाटेवरची तीच जागा हेरून ठेवली होती. मुक्काम डोळ्यांच्या टप्प्यात येतो ती ही जागा.

मात्र जुन्या ग्रंथांकडे वळलो की आपल्याला याच्या उलट बजावणारे आवाजही ऐकू येतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिऊ शियांग या चिनी विद्वानाने जुन्या राज्यांमधल्या मसलतींचा एक मोठा संग्रह सिद्ध केला. त्यात छिन राज्याच्या राजाला एक सल्लागार बजावतो की शंभर कोसांच्या वाटेत नव्वद कोसांनाच निम्मी वाट समजावे, कारण शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. आपल्याकडे 'हत्ती गेला अन् शेपूट राहिले' हे वचन तोंडोतोंडी आहे ते याच अनुभवातून. भर्तृहरीच्या नीतिशतकात माणसांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत : विघ्नांच्या भीतीने आरंभच न करणारे, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे, आणि पुन्हा पुन्हा आघात होऊनही हाती घेतलेले तडीस नेणारे. 17व्या शतकात वामन पंडितांनी हे शतक मराठीत आणले आणि पुढे ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. या सगळ्या विचारात एक गोष्ट समान आहे. माणूस वाटेत कुठे ढेपाळतो आणि कुठे उसळतो, याचा हिशेब त्याच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडला जाई. उत्तम माणूस तडीस नेतो, मध्यम माणूस मध्येच सोडतो. वाटेवर तो नेमका कुठे उभा आहे, या गोष्टीलाही स्वतःचे काही बळ असेल, हा विचार पुढे यायला 19वे शतक संपावे लागले.

तो विचार प्रथम मोजपट्टीवर आणला जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने. मनोविकारांच्या वर्गीकरणासाठी त्याचे नाव सर्वज्ञात आहे. श्रमाच्या अभ्यासातले त्याचे काम मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले. लाइपझिगला विल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेत तयार झालेला क्रेपेलिन पुढे हायडेलबर्गला आला आणि तिथे त्याने व त्याच्या शिष्यांनी अगदी साधा प्रयोग वर्षानुवर्षे चालवला. माणसाला एक-अंकी संख्यांचे लांबलचक रकाने द्यायचे, शेजारशेजारच्या दोन संख्यांची बेरीज करत जायला सांगायचे आणि ठरावीक वेळात किती बेरजा झाल्या ते नोंदवत राहायचे. 1902 मध्ये, गुरू वुंटच्या गौरवग्रंथासाठी लिहिलेल्या निबंधात, क्रेपेलिनने या नोंदींतून 'कामाची वक्ररेषा' काढून दाखवली. सरावाने वेग चढतो आणि थकव्याने उतरतो, हे कोणालाही अपेक्षित होते. त्याने आणखी दोन उसळ्या वेगळ्या काढल्या : आरंभीची आणि शेवटची. शेवटची उसळी थकव्याला न जुमानता येते, आणि ती येण्यासाठी एकच अट असते : काम संपत आले आहे हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. वेळापूरच्या उताराचे मर्म इथे बेरजांच्या रकान्यात सापडले होते. पुढे जपानी मानसशास्त्रज्ञ उचिदा यांनी याच बेरजांची चाचणी घडवली आणि जपानमध्ये नोकरभरतीसाठी ती लाखो लोकांना द्यावी लागली. क्रेपेलिनची ती रेषा अशी एका टोकाला कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

शास्त्रज्ञ बेरजा मोजत होते त्याच काळात, सहा महिन्यांच्या आत, दोन घटना अशा घडल्या की या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जगासमोर लख्ख दिसल्या. पहिली 24 जुलै 1908 ची, लंडन ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनची. शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू व्हायची आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपायची, म्हणून अंतर 26 मैल आणि वर 385 यार्ड इतके भरले. डोरांडो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला तेव्हा तो शुद्धीच्या काठावर होता. तो चुकीच्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. तरी त्या रेषेकडे जाणे त्याने सोडले नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी आधार देऊन त्याला रेषेपार नेले आणि त्याच कारणाने तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेझला मिळाले. राजकक्षाच्या सोयीने ठरलेले ते 42.195 किलोमीटरचे अंतर 1921 मध्ये अधिकृत झाले आणि आज जगातला प्रत्येक मॅरेथॉनपटू तेवढेच धावतो. दुसरी घटना 9 जानेवारी 1909 ची. अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे तीन साथीदार दक्षिण ध्रुवाच्या दिशेने 88 अंश 23 मिनिटे अक्षांशापर्यंत पोहोचले होते. माणूस याआधी इतका दक्षिणेला कधी गेला नव्हता. ध्रुव आता 97 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 180 किलोमीटरवर होता. पण शिधा संपत आला होता. ध्रुव गाठला असता तर परतीची वाट उरली नसती. शॅकल्टनने तिथे झेंडा रोवला आणि तो मागे फिरला. चौघेही जिवंत परतले. ध्येयाची ओढ शेवटी किती जबर होते हे पिएत्रीने दाखवले, आणि ती ओढ मोडून काढायला किती मोठी शक्ती लागते हे शॅकल्टनने.

यानंतरचे वळण आपल्याला अमेरिकेतल्या उंदरांच्या चक्रव्यूहाकडे घेऊन जाते. क्लार्क विद्यापीठातल्या विलर्ड स्मॉलने 1901 मध्ये इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतल्या कुंपणांचा भुलभुलैया नमुन्याला घेऊन उंदरांसाठी चक्रव्यूह बांधला, आणि पुढची कित्येक दशके शिकण्याचा अभ्यास म्हणजे चक्रव्यूहातून अन्नापर्यंत जाणाऱ्या उंदरांचा अभ्यास, असे समीकरण झाले. या अभ्यासकांत क्लार्क हल उभा राहिला. 1884 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅक्रन गावाजवळ शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या हलला खाण-अभियंता व्हायचे होते. वयाच्या 24 व्या वर्षी पोलिओने त्याचा एक पाय लुळा केला. खाणीतली कामे आता शक्य नव्हती. त्याने स्वतःच्या कल्पनेने पायाला धातूचा आधार करून घेतला, पुन्हा शिकायला लागला, विस्कॉन्सिनमधून 1918 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि 1929 मध्ये येल विद्यापीठात आला. यंत्रे घडवण्याची त्याची हौस मात्र गेली नाही. मनाचे व्यवहारही यंत्रासारखे नियमांत मांडता येतील, समीकरणांत बसवता येतील, या विश्वासाने तो आयुष्यभर कामाला जुंपलेला राहिला.

1932 मध्ये हलने 'ध्येय-प्रवणता' नावाने ओळखले जाणारे गृहीतक मांडले. उंदीर चक्रव्यूह शिकतो तेव्हा अन्नाजवळच्या फसव्या बोळांत शिरणे तो आधी सोडतो आणि दाराजवळच्या बोळांत शिरणे सर्वांत शेवटी. दोन वाटांपैकी छोटी निवडतो. आणि शेवटाकडे येताना त्याची चाल वाढते. सुटी सुटी दिसणारी ही निरीक्षणे हलने एका सूत्रात ओवली. ध्येयाजवळच्या प्रत्येक कृतीला ध्येयाचे बळ अधिक मिळते आणि जितके मागे जावे तितके ते विरत जाते, असे त्याचे म्हणणे. दोन वर्षांनी, 1934 मध्ये, त्याने हे सरळ पट्टीवर करून दाखवले. चक्रव्यूह नाही, वळणे नाहीत, चुकायला जागा नाही. एका टोकाला उंदीर, दुसऱ्या टोकाला अन्न. पट्टीचे भाग पाडून प्रत्येक भागाला लागणारा वेळ मोजला, आणि उंदीर अन्नाकडे जाताना उत्तरोत्तर अधिक वेगाने धावतो असे दिसले. इथे जुना हिशेब बदलला. त्या उंदराला चारित्र्य नव्हते, निश्चय नव्हता, कोणी त्याला नीतिशतक शिकवले नव्हते. बदलत होते ते फक्त अंतर. भर्तृहरीने जे माणसाच्या आत पाहिले होते, ते हलने माणूस आणि ध्येय यांच्यामधल्या जागेत नेऊन ठेवले.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे बर्लिनमध्ये कुर्ट लेविनच्या भोवती जमलेली तरुण मंडळी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने उलगडत होती. लेविन म्हणे की हाती घेतलेले काम मनात एक ताण निर्माण करते आणि काम पुरे झाल्यावरच तो ताण सुटतो. त्याची लिथुआनियात जन्मलेली विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने 1927 मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. तिने लोकांना कोडी, मण्यांच्या माळा, मातीच्या आकृत्या अशी छोटी छोटी कामे दिली. काही पुरी होऊ दिली, काही मध्येच काढून घेतली. नंतर विचारले असता अपुरी राहिलेली कामे लोकांना अधिक आठवली. पुढच्या वर्षी मारिया ओव्हसियांकिना हिने दाखवले की अडवलेले काम समोर पडून असेल तर बक्षीस नसताना, कोणी न सांगताही माणसे ते पुन्हा हाती घेतात. स्मरणाबद्दलचा झायगार्निकचा निष्कर्ष पुढे सर्वत्र तसाच मिळाला नाही. ओव्हसियांकिनाने दाखवलेली ओढ मात्र काळाच्या कसोटीवर टिकली, जरी तिचे नाव फारच थोड्यांच्या लक्षात राहिले. 1933 मध्ये लेविनला जर्मनी सोडावी लागली, तो अमेरिकेत गेला आणि बर्लिनची ही परंपरा येलच्या परंपरेला समांतर वाहू लागली.

हलच्याच येलमधल्या परिवारात नील मिलरने 1940च्या दशकात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. प्रत्येक ध्येय निखळ हवेहवेसे नसते. जिथे अन्न आहे तिथेच विजेचा झटकाही बसत असेल तर? 1948 मध्ये जडसन ब्राऊनने उंदरांना छोटा पट्टा बांधला आणि पट्टीवर जवळून व लांबून ते किती जोराने ओढतात ते मोजले. अन्नाकडे ओढण्याचा जोर जवळ आल्यावर वाढत होता. भीतीने दूर ओढण्याचा जोरही जवळ आल्यावर वाढत होता, आणि त्याची चढण कितीतरी उभी होती. लांबून ओढ जिंकते, जवळून भीती. लग्न ठरवताना आनंदात असलेला माणूस मांडवात का घाबरतो, परदेशी जाण्याची स्वप्ने पाहणारा मुलगा विमानतळावर का गप्प होतो, याचे एक उत्तर या दोन रेषांच्या छेदात सापडते. 1960च्या दशकात वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन यांनी पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना त्यांची भीती आणि ओढ विचारत नेले. नवशिक्यांची भीती उडीचा क्षण जवळ येईल तशी चढत गेली. सरावलेल्यांची भीती सकाळीच शिखर गाठून उडीच्या वेळेपर्यंत ओसरलेली होती. म्हणजे ही रेषाही कायमची कोरलेली नाही. अनुभव तिला हलवतो, आणि शेवटच्या पावलावरची भीती आधीच भोगून संपवायला माणूस शिकतो.

हलचे 1952 मध्ये निधन झाले. त्याचे शेवटचे पुस्तक त्याच वर्षी बाहेर आले. त्याची समीकरणे लवकरच जुनी ठरली, कारण मन समजून घ्यायला निघालेल्या नव्या पिढीला उंदरांच्या पट्ट्यांमध्ये रस उरला नव्हता. 1957 मध्ये फर्स्टर आणि स्किनर यांनी कबुतरांच्या हजारो तासांच्या नोंदींचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात हलच्या चढत्या रेषेला एक जोड मिळाली. ठरावीक संख्येने चोची मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्याबरोबर कबुतर थांबते. पुढचे बक्षीस आता सर्वांत लांब असते. मोठी परीक्षा संपवलेल्या विद्यार्थ्याला आठवडाभर पुस्तक उघडवत नाही, पुस्तक छापून आलेल्या लेखकाला पहिली ओळ सुचत नाही, ते याच उतारावर उभे असतात. वर चढणारी प्रत्येक रेषा ध्येय गाठल्यावर खाली येते, ही गोष्ट ध्येयांबद्दल बोलताना फार क्वचित सांगितली जाते.

प्रयोगशाळेने टाकून दिलेली ही कल्पना बाजाराने, तिचे नावही न जाणता, आधीपासूनच वापरात ठेवली होती. 1896 मध्ये थॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन यांनी अमेरिकेत हिरव्या तिकिटांची योजना सुरू केली. दुकानात केलेल्या खरेदीवर तिकिटे मिळायची, ती घरी वहीत चिकटवायची, वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात वस्तू घ्यायची. 1960च्या दशकात अमेरिकी घराघरांत या वह्या होत्या. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांचा हिशेब ठेवून मोफत तिकीट देणारी योजना आणली आणि वहीची जागा संगणकाने घेतली. हलचे नाव परत यायला मात्र 2006 उजाडले. रान किव्हेट्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका कॉफीच्या दुकानात कार्डे वाटली : दहा कॉफी घ्या, पुढची मोफत. शिक्के भरत आले तसे ग्राहक अधिकाधिक लवकर परत येऊ लागले. हलचे उंदीर आता विद्यापीठात कॉफी पीत होते. याच अभ्यासातला पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. काही जणांना दहा रिकाम्या चौकटींचे कार्ड दिले, काहींना बारा चौकटींचे, पण त्यांतल्या दोन आधीच शिक्का मारलेल्या. दोघांनाही दहाच कॉफी घ्यायच्या होत्या. पहिल्यांना कार्ड भरायला सरासरी 15.6 दिवस लागले, दुसऱ्यांना 12.7. त्याच वर्षी जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी गाडी धुण्याच्या केंद्रावर 300 कार्डे वाटून तेच पाहिले : आठ रिकाम्या चौकटींची कार्डे 19 टक्के लोकांनी पूर्ण केली, दोन शिक्के आधीच असलेली दहा चौकटींची कार्डे 34 टक्के लोकांनी. अंतर तसूभरही कमी झाले नव्हते. ते कागदावर वेगळे काढले होते, एवढेच. चारित्र्याकडून अंतराकडे आलेला हा प्रश्न आता अंतराकडून अंतराच्या चित्राकडे सरकला.

चित्र बदलता येते हे कळल्यावर अभ्यासकांची नजर वाटेच्या मधल्या भागाकडे वळली. शेवटाजवळ वेग वाढतो, आरंभीही उत्साह असतो. मग मध्ये काय होते? 2012 मध्ये माफेरिमा तुरे-तिलेरी आणि आयलेट फिशबाख यांनी ज्यूंच्या हनुका सणाकडे पाहिले. आठ रात्री रोज दीप लावायचा असतो. पहिल्या आणि शेवटच्या रात्री तो अधिक जण लावतात, मधल्या रात्री गळती होते. कागदाच्या आकृत्या कापायला दिल्या तेव्हा मधल्या आकृत्यांचे कोपरे लोकांनी बेफिकिरीने कापले. मधला भाग ना आरंभासारखा लक्षात राहतो, ना शेवटासारखा उजेडात येतो, म्हणून काळजीही तिथेच सुटते. त्याच वर्षी मिंजंग कू आणि फिशबाख यांनी यावर उतारा दाखवला. आरंभी किती झाले ते पाहावे, निम्म्याच्या पुढे गेल्यावर किती उरले ते पाहावे. दोन्ही वेळा नजर छोट्या भागावर राहिली की एकेका पावलाचे मोल वाढते. आपल्या वारीची रचना या दृष्टीने पाहावी. आळंदी ते पंढरपूर ही वाट कोणी अखंड चालत नाही. न्याहारी, विसावा, मुक्काम, समाजआरती, कुठे उभे रिंगण, कुठे गोल रिंगण, अशी ती रोज नव्याने सुरू होते आणि रोज संध्याकाळी संपते. मधले दिवस असे उरतच नाहीत. हैबतबाबांनी लावलेल्या शिस्तीला भक्तीचा आधार होता. माणसाच्या बळाची जाणही त्या शिस्तीत होती, असे म्हणायला हरकत नाही.

या मागोव्यात एक काळे पानही आहे. 10 मे 1996 रोजी एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघालेल्या गिर्यारोहकांना दुपारच्या ठरावीक वेळेपर्यंत माथा न गाठल्यास मागे फिरण्याचा नियम माहीत नव्हता असे नाही. एक जण तर आदल्या वर्षी माथ्याच्या अगदी जवळून परतलेला होता. त्या दिवशी वेळ टळून गेल्यावरही काही जण चढत राहिले आणि मागाहून आलेल्या वादळाने पर्वतावर आठ जणांचा बळी घेतला. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे होते, पण माथा डोळ्यांसमोर असताना नियम पाळणे किती कठीण होते, हे त्या दिवसाच्या सर्व हकिगतींत दिसते. थांबायचे कुठे, याचा निर्णय माथ्याजवळ घ्यायचा नसतो. तो तळावर घेऊन ठेवायचा असतो. शॅकल्टनने शिधा मोजून तो घेतला, म्हणून तो परतला. मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी नोंदी तपासणाऱ्या एरिक अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासात दिसले की तीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा आधी पोहोचणाऱ्यांची दाटी होते. निसर्गाने चार तासांवर रेषा ओढलेली नाही. ती माणसाने ओढली, आणि मग त्याच रेषेसाठी त्याने शेवटचा श्वास पणाला लावला.

आज आपण या लांब वाटेच्या ताज्या टप्प्यावर उभे आहोत. 1985 मध्ये ब्रॅड मायर्सने संगणकाच्या पडद्यावर काम किती टक्के झाले हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला आणि लोकांना ती हवी असते हे दाखवले. आज फोनवरच्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये तिचा एखादा अवतार आहे. 1965 मध्ये यामासा या जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला आणले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. वैद्यकीय संशोधनाआधी जन्मलेला तो आकडा आज पुण्या-मुंबईतले लोक रात्री जेवणानंतर घरातल्या घरात फेऱ्या मारून पुरा करतात. प्रोफाइल 80 टक्के पूर्ण, आणखी एक व्यवहार केलात की बक्षीस, सलग दिवसांची साखळी तुटू देऊ नका : हे सगळे हलच्या पट्टीचे वंशज आहेत. यांतून चांगलेही घडते. चालणारी माणसे चालतात, शिकणारी शिकतात, कर्ज फेडणारे शेवटचे हप्ते नेटाने भरतात. पण ज्याच्या हाती रेषा ओढण्याचे काम आहे, त्याच्या हाती आपला वेगही आहे, हे शतकभराच्या या संशोधनाचे सर्वांत मोठे फळ आहे.

म्हणून वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. मध्यावर पाऊल जड झाले तर लगेच स्वतःला दुबळे म्हणू नका. ती जागाच तशी आहे, तिथे मुक्काम जवळ आणा. शेवटाला पायांत बळ आले तर कुठवर जायचे आणि कुठून परतायचे हे आधीच ठरवलेले असू द्या. ध्येय गाठल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांना अपयश समजू नका. आणि पायांना जिच्यासाठी वेग आला आहे ती रेषा कोणी ओढली, हा प्रश्न धावण्याआधी एकदा विचारा. ती आपण स्वतः ओढलेली असेल, किंवा समजून-उमजून स्वीकारलेली असेल, तर खुशाल धावा. दुसऱ्याने आपल्या फायद्यासाठी ओढलेली असेल, तर तिथे थांबण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे.